दुसऱ्या मागाचा खड्डा

नात्यात कुणाला दिवस गेले की बायका अजूनही माझ्यासमोर ती गोष्ट हळू आवाजात बोलतात. मी म्हातारी झाले, निम्मे दात गेले, तरी यांची कुजबुज थांबत नाही. मग कुणाची सून जिन्यात घसरली, कुणाला एसटीत कोपर लागलं, असलं काहीतरी निघतं आणि सगळ्याजणी हळूच माझ्याकडे बघतात. पोटाला लागलेल्या धक्क्याबद्दल मला काही विशेष कळतं, असा त्यांचा समज आहे. मला राग येतो. विशेष काही कळत असतं, तर मी एवढी वर्षं त्याच त्या गोष्टीभोवती फिरत राहिले असते का?

आम्ही नगरचे विणकर. मी सांगते ती लढाईची वर्षं. किल्ल्यात मोठमोठे पुढारी कोंडलेले होते आणि भिंगारच्या छावणीकडे दिवसभर लष्करी गाड्या धुरळा उडवत जायच्या. आमच्या गल्लीचं लक्ष मात्र सुताकडे होतं. सूत मिळेनासं झालं होतं. ज्याच्या घरी जितके माग चालू, त्याला तितकं सूत, अशी पद्धत पडली होती. माग बंद दिसला की त्याच्या वाटचं सूत गेलं, आणि एकदा गेलेलं सूत परत मिळवणं महाकठीण.

आमच्या पुढच्या खोलीत दोन माग होते, खड्ड्याचे. जमिनीत गुडघाभर खोल खड्डा खणलेला, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडून पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. विणून झालेलं लुगडं पोटासमोरच्या एका आडव्या जाड लाकडावर गुंडाळत जायचं. त्याला आम्ही तूर म्हणायचो. तूर पोटाला अगदी लागून असते. फणी ओढून ठोकली की तिचा हादरा पोटात उमटतो. माझ्या सासऱ्यांच्या पोटावर तिथे घट्टा पडला होता म्हणे.

एका मागावर आमचे हे बसायचे, दुसऱ्यावर माझे दीर. दीर छावणीत कामाला लागले आणि तिकडेच राहू लागले. दुसरा माग रिकामा पडला. मी माहेरी विणायला शिकले होते, तेव्हा सासूबाईंनी मलाच त्या मागावर बसवलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. चुलीपेक्षा माग बरा. माझे काठ ह्यांच्या काठांपेक्षा सरळ यायचे आणि हे तसं चारचौघांत बोलून दाखवायचे. नवऱ्यानं बायकोचं चारचौघांत कौतुक करणं तेव्हा गल्लीत वेडेपणाच समजला जाई.

पहिल्यांदा दिवस गेले ते त्याच दिवसांत. तेव्हा बायकांचं काही लपून राहत नसे. कावळा शिवला की बाई बाजूला बसायची, कशाला हात लावायची नाही. मागाला तर नाहीच. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं. कुणाच्या घरी किती माग चालू आहेत, हे बायका भाकरी थापता थापता ओळखायच्या. माझा माग दर महिन्याला थांबायचा, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. थांबला नसता तर नळावर पोचायच्या आत बातमी माझ्या पुढे गेली असती.

सासूबाईंना तेच नको होतं. तिसरा महिना भरल्यावर चोरचोळी करायची, हिरव्या खणाची चोळी गुपचूप सुनेला घालायची, आणि मग सावकाश चार बायकांच्या कानावर घालायचं, ही घरची रीत. तोवर अवाक्षर बोलायचं नाही. बोललं की नजर लागते. त्यांची स्वतःची तीन-चार लेकरं पोटातच गेली होती आणि त्या त्याचा सगळा दोष गल्लीच्या नजरेला द्यायच्या. म्हणून त्यांनी युक्ती काढली. नेहमीचे दिवस आले तेव्हा मला म्हणाल्या, "बस जा बाजूला. कुनाला काय कळाया नगं."

मी बाजूला बसले. काही झालेलं नसताना घोंगडीवर बसून लांबून चहा घेतला. माग थांबला, गल्लीनं ऐकलं, गल्लीची खात्री पटली. मग नेहमीप्रमाणे न्हाऊन मी पुन्हा मागावर बसले. बसणं भागच होतं. मला मागावरून उठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कारण कळलं असतं. पोटातलं लपवायचं तर पोट तुरीला लावून बसायचं, असा आमच्या घरचा न्याय. आज सांगताना मला हसू येतं, आणि ते काही बरं हसू नव्हे.

ह्यांना माहीत होतं. आम्ही त्यावर बोललो नव्हतो. तसलं बोलायची पद्धत नव्हती. पण माझ्या भाकरीवर तूप दिसू लागलं होतं आणि हे ते बघून खाली मान घालून हसायचे. एकदा माझ्या मागाशी येऊन त्यांनी आपलं जुनं धोतर घडी करून माझ्या पोटाच्या नि तुरीच्या मधे सरकवलं. सासूबाईंनी ते काढलं. आल्यागेल्याच्या नजरेला पडेल म्हणाल्या.

सुताचा कारकून माग बघायला येणार, असं एक दिवस सकाळी कळलं. दोन्ही माग चालू दिसायला हवेत म्हणून घाई उडाली. माझ्या मागाचा ताणा, म्हणजे उभं सूत, सैल पडलं होतं. ह्यांनी येऊन ताणा ओढून घट्ट केला. ताणा ताणला की तूर उलटी फिरू पाहते, म्हणून तिच्या भोकात एक बाभळीची दांडी घालून अडकवावी लागते. ती दांडी ह्यांनी बसवली आणि आपल्या मागावर जाऊन बसले.

कारकून दारात उभा असतानाच ती दांडी निसटली. तूर गर्रकन फिरली आणि दांडीचं टोक माझ्या ओटीपोटावर बसलं. परका माणूस दारात, म्हणून मी तोंडातून आवाज काढला नाही. पदर सारखा केला, दांडी पुन्हा घातली आणि फणी ठोकली. कारकून समाधानानं निघून गेला. ह्यांचा धोटा हातातच राहिला होता. ते माझ्याकडे बघत होते.

सासूबाईंनी विचारलं, "लागलं का गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

पुढचे काही दिवस तसेच गेले. मी रोज मागावर बसत होते आणि आत काहीतरी धरून ठेवल्यासारखं पोट आवळून घेत होते. मग एका सकाळी चुलीपुढून उठले आणि सगळं संपलं. ते कसं होतं, हे मी सांगणार नाही. ज्यांच्यावर आलं आहे त्यांना माहीत आहे आणि इतरांना सांगून उपयोग नाही. सासूबाईंनी मला शेजारच्या खोलीत निजवलं, घर सारवलं, आणि दाराआड उभं राहून स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "दांडीच लागली."

त्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, पण ह्यांनी ऐकलं. "आई, म्याच बसवली हुती ती," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला कात्रीचा आवाज आला. विणकराच्या घरात उभ्या ताण्याला कधी कात्री लावत नाहीत. लुगडं पुरं होऊन उतरल्याशिवाय माग मोकळा करत नाहीत. ह्यांनी माझं अर्धं विणलेलं लुगडं मधेच कापलं. सासूबाई धावल्या. "आरं, हुबा ताना कापतोस? याड लागलं का तुला?" म्हणाल्या. हे कापतच राहिले. लाकडं सुटी करून मागच्या भिंतीला लावली. मग सीनेच्या पात्रातून पाट्या भरभरून मुरूम आणला आणि तो खड्डा बुजवला. पाणी मारून धुम्मस केली, पुन्हा मुरूम टाकला, पुन्हा ठोकलं. मी निजल्या निजल्या ते ठोकणं ऐकत होते. सासूबाईंनी शेवटी त्यावर शेण सारवलं. एका मागाचं सूत गेलं.

ती दांडी मी चुलीत घातली. चांगली मुरलेली बाभूळ होती, बराच वेळ जळत राहिली.

नंतरचे दिवस वाईट होते, पण एका बाबतीत सोपे होते, हे मला फार उशिरा कळलं. रागवायचं कुणावर, हे मला माहीत होतं. मी दांडीवर रागावले, तुरीवर रागावले, त्या कारकुनावर रागावले, चोरचोळीच्या रीतीवर आणि खोटं बाजूला बसण्यावर रागावले. ह्यांना मी काहीच बोलले नाही. ते मात्र मी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत असायचे. जेवताना एकदा म्हणाले, "तू मला काय बोलत का न्हाईस?"

"काय बोलू?"

"काय बी बोल."

मी त्यांच्या ताटात आमटी वाढली. बुजवलेल्या खड्ड्याची जागा पहिल्या पावसाळ्यात जराशी खचली. कितीही सारवलं तरी तिथली जमीन ओळखू यायची. आम्ही तिघंही तिच्यावर पाय न देता बाजूनं जायचो.

मध्ये बराच काळ गेला आणि मला पुन्हा दिवस राहिले. या वेळी लपवायचं काही साधनच नव्हतं, कारण थांबायला माझा मागच नव्हता. सासूबाईंनी नजरेचा नाद सोडला आणि धक्क्याचा धरला. मी उठले की म्हणायच्या, "दाराची कडी बघ." बसले की म्हणायच्या, "भितीला टेकू नगं, खुटी हाय." पाण्याला मला जाऊ देईनात. नळावर बायका कळशा रेटतात, कुणाची कळशी कुठं लागेल सांगता येत नाही. पहाटे गल्लीत पांजणीला सूत ताणलेलं असायचं, खळ लावून कुंचे फिरवत माणसं मागंपुढं करायची. त्या ताण्याखालून वाकून जावं लागे, म्हणून सूर्य वर येईपर्यंत मला उंबरा ओलांडायची बंदी. जात्याचा खुंटा पोटाकडे येतो म्हणून दळण बंद.

ह्यांचं तर विचारूच नका. घरातल्या ज्या ज्या वस्तूला टोक होतं, तिला ह्यांनी चिंधी गुंडाळली. कोयंड्याला गुंडाळली, पाटाच्या कोपऱ्यांना गुंडाळली, रहाटाच्या दांड्यालाही गुंडाळली. आमचं घर जखमी झाल्यासारखं दिसायचं. बाजारात जायची वेळ आलीच, तर हे माझ्यापुढे दोन्ही कोपरं पसरून चालायचे आणि लोक वळून बघायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. झोपेत हात-पाय लागेल म्हणून हे बाहेर ओट्यावर निजायला लागले. थंडीचे दिवस आले तरी आत येईनात. मी एकदा म्हणाले, "अवं, आत या, गारठा हाय." तर म्हणाले, "माझा काय भरवसा न्हाई." झोपेत ते कधी हललेले मला आठवत नाहीत. लाकूड पडावं तसे निजायचे.

आणि मी? मी त्या दोघांच्या वरताण झाले होते. मी उठताना आधी हात पोटावर ठेवायची, मग उठायची. शिंक आली तर नाक दाबून धरायची, कारण शिंकेनंही हादरा बसतो. हसणं सोडलं. खोकला झाला तेव्हा रडले. वाटेनं कुणी घाईत येताना दिसलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. माणूस पुढे गेला तरी मला त्याचा धक्का बसून गेल्यासारखं वाटायचं. दिवसभर मी न लागलेले धक्के मोजत बसायची. त्यापेक्षा एकदा खरा लागला असता तर बरं, असंही मनात येऊन जायचं आणि मग त्या विचाराचीच भीती वाटायची.

शेजारी एक मोमीन कुटुंब होतं, तेही विणकरच. त्यांची लहान मुलगी नुकती पळायला शिकली होती. तिला माझा भारी लळा. आमच्या उंबऱ्यावरून ती दोन्ही हात पसरून धावत सुटायची आणि माझ्या मांडीवर येऊन आदळायची. तिचं डोकं नेमकं माझ्या पोटात घुसायचं. पहिल्याचं दुःख त्या पोरीच्या जावळाच्या वासानंच थोडं कमी झालं होतं. आता ती धावली की मला आधी तिचं डोकंच दिसायचं. मी दोन्ही हात पुढे करून तिला लांबच थोपवून धरायची. तिला तो खेळ वाटायचा आणि ती आणखी जोरानं रेटायची. एक दिवस मी तिच्याकडे पाठ केली. ती पाठीवर आपटून खाली पडली आणि मोठ्यानं रडायला लागली.

तिच्या आईनं येऊन तिला उचललं. ती बाई शहाणी होती, रागावली नाही. "राहू द्या वैनी, तुमी पोटुशी हाय ना," म्हणाली. त्यानंतर मुलगी आमच्या दारापर्यंत यायची, चौकटीला धरून आत बघायची आणि आपली आपण परत जायची. एवढ्याशा पोरीनं ते कसं ओळखलं कोण जाणे. मी मनात म्हणायची, थोडे दिवस थांब गं, मग तुला पोटभर घेईन.

सासूबाईंनी तोच हिरवा खण पेटीतून काढला होता. पहिल्या वेळी आणलेला, न शिवलेला. मला तो नको होता. पण नवा खण त्या दिवसांत आणायचा कुठून, असं त्या म्हणाल्या, आणि खणाचा काय दोष? त्यांनी तो अंगणात उन्हाला घातला. चोरचोळीचा तिसरा महिना भरतच आला होता. मी तिथेच भिंतीला पाठ लावून बसले होते, पाठीमागे उशी, सगळीकडून सुरक्षित. सुपात तांदूळ होते, खडे वेचत होते. घरात कुणी नवं माणूस नव्हतं, गल्लीत कुणी पळत नव्हतं. ह्यांच्या एकट्या मागाचा आवाज नेहमीसारखा येत होता. तिथे, त्या उन्हात, काही एक न लागता ते पुन्हा सुरू झालं.

मी हाक मारली तेव्हा सासूबाई आल्या, बघितलं आणि माझ्या शेजारी मटकन खालीच बसल्या. मग माझे दोन्ही खांदे धरून विचारू लागल्या, "आठव. कुटं लागलं? काल लागलं का? परवा? ती पोरगी आली हुती का? नीट आठव."

मी खरंच आठवत होते. त्या अवस्थेतही मी एकेक दिवस मागं जात होते, एकेक कोपरा, एकेक खुंटी तपासत होते. मला काहीच सापडेना. "न्हाई लागलं, आत्याबाई," मी म्हणाले. "कुटंच न्हाई लागलं."

"आसं कसं हुईल?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती.

रक्त थांबेना, तेव्हा ह्यांनी टांगा आणला. टांग्यात बसायचं म्हणजे केवढं संकट, हे इतके दिवस आम्ही बोलत होतो. आता टांगा खड्ड्याखड्ड्यांतून उधळत गेला आणि कुणी टांगेवाल्याला सावकाश म्हणालं नाही. बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, पोक्त, चष्मा लावणारी. तिनं जे करायचं ते केलं. माझा जीव वाचला. मग तिनं सासूबाईंना आत बोलावलं, कारण त्या व्हरांड्यात सारख्या एकच विचारत होत्या, की कुठं लागलं ते हिच्या पोटावरून तुम्हाला कळेल का. हे दाराशी उभे होते.

डॉक्टरीण म्हणाली, "धक्क्याचा काही संबंध नाही. इतक्या लवकर गर्भ ओटीपोटात खाली, हाडांच्या आत असतो. साधा धक्का तिथवर पोचत नाही. पुष्कळदा ते आतूनच धरलेलं नसतं, म्हणून जातं."

सासूबाई म्हणाल्या, "आन् मागच्या टायमाला? तवा तर दांडी लागली हुती."

डॉक्टरणीनं कशी, किती जोरात, मग किती दिवसांनी, सगळं विचारून घेतलं. मी खाटेवरून सांगितलं. ती म्हणाली, "मला नाही वाटत दांडीनं झालं. तेही असंच गेलं असणार."

मी तेव्हा ह्यांच्याकडे बघितलं. बघायला नको होतं. ह्यांचा चेहरा रडवेला होता, डोळे सुजलेले होते, आणि त्या सगळ्याच्या खालून एक सुटका वर येत होती. पाठीवरचं ओझं उतरवल्यावर माणूस खांदे सोडतो, तसे त्यांचे खांदे खाली आले. इतका काळ ती दांडी त्यांच्या छातीत रुतून बसली होती. ती आज निघाली. हे मला समजत होतं, त्यांच्याविषयी वाईटही वाटत होतं. तरी त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. माझं दुसरं मूल गेलं आणि त्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. आणि मला काय मिळालं? माझी दांडीसुद्धा गेली. ती असेपर्यंत मला वाटायचं की जपलं तर मूल राहतं. आता जपायचं तरी कशापासून?

मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना वाटलं, मला ग्लानी आली.

घरी आल्यावर ह्यांनी सगळ्या चिंध्या सोडल्या, एक एक करून, आणि घडी करून ठेवल्या. सासूबाईंनी डॉक्टरणीचं म्हणणं कधीच मानलं नाही. तिला काय कळतंय, तिला लेकरू न्हाई, असं म्हणायच्या. माझ्या पोटाला नक्की काहीतरी लागलं होतं आणि मी विसरले, असंच त्यांनी मरेपर्यंत धरून ठेवलं. मला त्यांचा हेवा वाटायचा. हिरवा खण त्यांनी शेजारच्या मोमीन बाईला दिला. तिनं मुलीचं झबलं शिवलं. ते घालून मुलगी एकदा चौकटीशी आली. मी तिला ये म्हणाले, दोन्ही हात पसरले. ती हसली, पण आली नाही. तिची सवय मोडली होती.

मी जरा हिंडू-फिरू लागल्यावर एक दिवस ह्यांनी कुदळ घेतली आणि ती बुजवलेली जागा खणायला सुरुवात केली. मुरूम घट्ट बसला होता, ठोकून ठोकून त्यांनीच बसवला होता. दोन घाव घातले की थांबायचे. मी रहाटावर कांड्या भरत बघत होते. मला विचारलं नव्हतं आणि मी थांबवलंही नाही. खड्डा रिकामा झाला तेव्हा आतून जुन्या मातीचा ओला वास आला. ह्यांनी काठ सारखे केले, भिंतीला लावलेली लाकडं आणली, तूर बसवली, नवी दांडी तासली. सूत कुणाकडून तरी थोडं उसनं आणलं होतं. ताणा चढला.

"बसतेस का?" ह्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं.

मी पाय खड्ड्यात सोडून काठावर बसले. पावड्या पायांना ओळखीच्या लागल्या. ह्यांनी ताणा घट्ट केला, दांडी भोकात घातली. मग ती हलवून बघितली. खाली बसून पुन्हा बघितली. दोन्ही हातांनी ओढून बघितली. ते उठेचनात. डॉक्टरीण काहीही म्हणाली असली तरी त्यांचे हात ती दांडी सोडत नव्हते. मला त्यांच्या मानेवर आलेला घाम दिसत होता, आणि इतक्या दिवसांचा माझा राग कुठं ठेवावा, हे मला कळेना.

"राहू द्या," मी म्हणाले. "आता लागलं तरी काय."

ते उठले आणि आपल्या मागावर जाऊन बसले. मी पुढे सरकले. तूर पोटाला टेकली. मधे धोतराची घडी नव्हती आणि कुणी ती काढूनही घेणार नव्हतं. मी धोटा फेकला आणि फणी ओढली. बाहेर नळाकडे चाललेल्या बायकांचं बोलणं मधेच थांबलं. आमच्या घरातून पुन्हा दोन मागांचा आवाज येत होता, आणि माझं पोट पुन्हा रिकामं झालं, हे गल्लीला न सांगताच कळलं होतं.